जेठ सुद पाचमीची वासरं

मला राग येतो तो गुजरातीत येतो. जन्म बडोद्याचा, घरात तीन पिढ्या मराठी, माझे वडील, बापू, अजूनही 'चहा'ला 'चा' म्हटलेलं खपवून घेत नाहीत... पण डोकं फिरलं की माझ्या तोंडून जे निघतं ते थेट भाजीबाजारातलं गुजराती. त्यामुळे त्याच्याशी माझं पहिलं बोलणं गुजरातीत झालं, यात नवल नाही.

गणपतीचे दिवस होते. मी घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या बाजारगल्लीत, वासरांच्या गळ्यातल्या घंट्या घ्यायला आले होते. भाद्रपदातलं ऊन असं, की दुकानदार घंटी वाजवून दाखवायलाही हात उचलत नव्हता. आणि समोर गोळेवाल्याच्या गाडीपाशी एक उंच माणूस उभा. खांद्याला निळी पेटी. ती पेटी मी शंभर पावलांवरून ओळखते... जनावरांच्या लशीची. झाकण उघडं आणि गोळेवाला कुऱ्हाडीच्या दांड्याने बर्फ फोडतोय!

"ए भाई! शुं करो छो तमे?" मी रस्त्याच्या ह्या बाजूनेच ओरडले. "सीधो बरफ नाखशो तो रसी ठरी जशे!"

लस बर्फाला टेकली की गोठते, आणि गोठली की संपली. बाटली तशीच दिसते, आतलं औषध तसंच दिसतं, पण टोचलं काय नि न टोचलं काय. मी तावातावाने रस्ता ओलांडला, त्याच्या हातून झाकण ओढून घेतलं आणि पेटीवर आपटलं.

तो शांतपणे बघत राहिला. मग गुजरातीत म्हणाला, "बेन, तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. अकरा वासरं गमावलेली बाई."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं... पण ते ऊनही असेल. मग त्याने बगलेतून वर्तमानपत्राची जाड घडी आणि प्लास्टिकची पिशवी काढली. "बर्फ पिशवीत, पिशवी कागदात, आणि कागद बाटल्यांपासून चार बोटं लांब," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "हेच करणार होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकं मन लावून रागावत होतात... मध्ये बोलणं बरं दिसेना."

गोळेवाला हसला. मी आणखी चिडले. हा माणूस भर दुपारी लशीची पेटी घेऊन पोळात काय करत होता, तर सरकारी जीपच्या ड्रायव्हरला बायकोच्या साडीला फॉल लावून घ्यायचा होता! जीप मांडवी दरवाजापाशी उन्हात तापत होती, म्हणून साहेब पेटी खांद्यावर घेऊन बर्फ शोधत होते.

"आणि तुम्ही त्याला जाऊ दिलंत?"

"त्याची बायको तुमच्यासारखी असेल तर, बेन... तो न जाऊन करतो काय?"

मी घंट्या न घेताच घरी आले.

तर ही झाली सुरुवात. आता अकरा वासरांचं सांगते, नाहीतर माझा राग उगाचचा वाटेल.

करजणच्या अलीकडे आमची थोडी जमीन आहे. सात वर्षांपूर्वी मी ऑफिसची नोकरी सोडली आणि तिथे पत्र्याची शेड उभारली. आसपासच्या गावांतले लोक दोन महिन्यांची झालेली गायी-म्हशींची पिल्लं माझ्याकडे आणून सोडतात, मी ती वाढवते, आणि मोठी झाली की ती आपापल्या घरी जातात. लोक त्याला 'वाछरडांनी होस्टेल' म्हणतात, वासरांचं होस्टेल. मी गुरांचं शिक्षण घेतलेलं नाही. पुस्तकं वाचून, चुका करून आणि रमीलाबेनच्या शिव्या खाऊन शिकले. रमीलाबेन माझ्याकडे कामाला आहे. म्हणजे असं मी म्हणते. ती म्हणते मी तिच्याकडे आहे.

तीन वर्षांपूर्वी शेडमध्ये खरवा शिरला. पुस्तकात त्याला लाळ-खुरकूत म्हणतात. मोठ्या जनावराचं तोंड येतं, खूर सुजतात, पण ते उठतं. पिल्लाचं मात्र थेट काळीज धरतं. सकाळी दूध प्यायलेलं वासरू दुपारी उभ्याउभ्या कोसळतं. चार दिवसांत अकरा. आणि अकराही जणांना लस दिलेली होती! कानात पिवळा बिल्ला, कार्डावर शिक्का, सगळं जागच्या जागी. मी चार पानी तक्रार लिहिली... की डॉक्टरांनी वय न बघता, आकडा भरायचा म्हणून लस टोचली. ते डॉक्टर सुभानराव दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. चौकशी लागली, शेरा बसला, निरोपसमारंभ रद्द झाला. मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं होतं.

लोकांनी आपली उरलेली जनावरं नेली. पुन्हा विश्वास बसायला दोन वर्षं लागली. यंदा सव्वीस पिल्लं होती, आणि मला ठाऊक होतं... ह्या वेळी एक जरी गेलं, तर होस्टेल कायमचं बंद.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लसीकरणाची जीप फाटकात आली. मी सव्वीसच्या सव्वीस बांधून, धुऊन, रजिस्टर काखेत घेऊन उभी. आणि जीपमधून उतरला कोण... तर निळी पेटी!

"नमस्ते बेन," तो म्हणाला. "डॉक्टर शुभंकर सोनवणे. करजणला नवीन आहे. बर्फ कागदातच आहे, बघून घ्या."

मी खरंच झाकण उघडून बघितलं.

सतरा पिल्लं झाली. हात हलका होता त्याचा, हे कबूल करते. सुई टोचण्याआधी मानेवर दोनदा थाप मारायचा, म्हणजे वासराला सुई ही तिसरी थापच वाटायची. मग तो उरलेल्या नऊ जणींपाशी आला. सगळ्या म्हशींच्या पाड्या, दोन शेजारच्या गावांतल्या. त्याने पहिलीची शिंगं चाचपली. छातीभोवती फीत गुंडाळली. दुसरीची, तिसरीची. मग सुई परत ठेवली.

"ह्या नऊ नाही."

"नाही म्हणजे?"

"लहान आहेत. चार महिन्यांच्या नाहीत."

मी रजिस्टर त्याच्या नाकासमोर उघडलं. "चार महिने सहा दिवस! वाचता येतं ना?"

"कागद चार महिन्यांचा असेल. पाडी तीन महिन्यांची आहे."

"अशक्त आहेत त्या! लोक सगळं दूध पिळून घेतात, पिल्लांना उरतं काय? मी महिनाभर खाऊ घालतेय..."

"अशक्त वासराचं अंग लहान राहतं, बेन, वय लहान होत नाही. ही शिंगं बघा... अजून कातडीखाली आहेत." तो उकिडवा बसून बोलत होता आणि सगळ्यात बारकी पाडी त्याच्या खिशातला रुमाल चघळत होती. "जन्मल्यावर ह्यांनी आईचा चीक प्यायला. त्यातली ताकद तीन-चार महिने रक्तात टिकते. तोवर बाहेरून लस दिली, तर आईची ताकदच तिला खाऊन टाकते. आता टोचली तर कार्डावर असेल, अंगात नसेल."

हे मला माहीत नव्हतं का? पाठ होतं! ह्याच कारणावरून मी चार पानं लिहिली होती. म्हणून तर जास्त संताप आला.

"नर्मदेपलीकडे खरवा दिसलाय," मी म्हणाले. माझा आवाज फाटला होता. "आणि तुम्ही मला थांबा म्हणता? ह्या नऊ जणींना काही झालं ना... तमारा नामनो कागळ लखीश! वरपर्यंत!"

"लिहा की. पण ह्या वेळी पाच पानी लिहा. चार पानी आम्ही वाचलंय."

तो बोलून गेला आणि फीत गुंडाळायला लागला. ऑफिसात सगळ्यांनीच वाचलं असणार, असं मी स्वतःला समजावलं.

"तीन आठवडे," तो हळू म्हणाला. "फाटकात पसरट टब ठेवा, पाण्यात धुण्याचा सोडा. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय त्यात बुडालेच पाहिजेत. बाहेरचं जनावर आत नको, आतलं बाहेर नको. मी दर गुरुवारी येऊन ह्यांना मोजून जाईन. चार महिन्यांच्या दिसल्या, की त्याच दिवशी टोचीन. उशीरही चालणार नाही... आईचं उतरलं आणि आपलं चढलं नाही, तर मधल्या दिवसांत काहीच नसतं."

जीप गेल्यावर रमीलाबेन म्हणाली, "छोकरो सारो छे."

"डॉक्टर आहे तो. छोकरो कसला, आणि चांगला कसला!"

"हा, पण सारो छे."

पहिल्या गुरुवारी तो आला तेव्हा मी टबापाशीच उभी होते. "पाय," मी म्हणाले.

त्याने दोन्ही गमबूट बुडवले. "हात पण?"

"जीभ बुडवता आली तर बघा."

नऊ पाड्या मोजायला अर्धा तास पुरतो. त्याला दोन तास लागले. तो फीत धरायचा, आकडा सांगायचा, मी लिहायची. बोलता बोलता कळलं की त्याचे वडील भुसावळहून रेल्वेत बदली होऊन बडोद्याला आले आणि प्रतापनगरच्या क्वार्टरमध्येच तो वाढला.

"म्हणजे तुम्ही लोक नंतर आलेले," मी म्हणाले. "आमचे पणजोबा दिवाणांच्या कचेरीत होते."

"हो ना. तुम्ही संस्थानच्या काळातल्या. पणजोबा दिवाणखान्यात, आम्ही यार्डात. तरी बघा... दोघंही शेवटी शेणातच."

मला हसू आलं. ते मी खाली मान घालून रजिस्टरात दडवलं. पण त्याने बघितलं, आणि त्याने बघितलं हे मी बघितलं. सगळ्यात बारक्या पाडीने मधेच त्याच्या मनगटाचा पट्टा तोंडात धरला.

"हिचं नाव काय?"

"लवंगी."

"लहान आणि तिखट." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "इथे तशीच परंपरा दिसते."

छत्तिसाव्या वर्षी कानाच्या पाळ्या गरम होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रागानेही होतात. मी ते रागावर ढकललं.

दुसरा गुरुवार पितृपक्षातला. दुपारपासून आभाळ दाटलं होतं. परतीचा पाऊस पत्र्यावर असा कोसळला की शेडमध्ये शेजारी उभं राहूनही ओरडून बोलावं लागत होतं... म्हणून मग आम्ही जवळ उभे होतो. तेवढंच कारण. त्याच्या शर्टाला सोड्याचा आणि ओल्या पाडीचा वास येत होता, आणि तो मला वाईट वाटत नव्हता, ह्याचाच राग येत होता.

"ह्यांच्या जन्मतारखा कुणी सांगितल्या?" त्याने विचारलं.

"ज्याच्या त्याच्या मालकाने. फोनवर."

"तारीख सांगतात?"

"तारीख कोण सांगतंय? तिथी सांगतात. जेठ सुद बीज, सुद चोथ... ही लवंगी सुद पाचमीची, सगळ्यात धाकटी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात ज्येष्ठ शुद्ध पंचमी बघते आणि तारीख लिहिते. सात वर्षं हेच करतेय. लावू फोन? लावतेच!"

लवंगीचे मालक रायजीभाई. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला, म्हणजे ह्या माणसाने आपल्या कानांनी ऐकावं.

"रायजीभाई, पाडी क्यारे जन्मेली?"

"कह्युं तो हतुं बेन. जेठ सुद पांचम."

मी विजयाने त्याच्याकडे बघितलं. तो कॅलेंडराकडे बघत होता. मे महिन्याचं पान काढून त्याने बोट ठेवलं होतं, आणि बोटाखाली लहान अक्षरांत होतं... अधिक ज्येष्ठ. यंदा ज्येष्ठ दोन होते.

मी फोन तोंडाजवळ ओढला. "रायजीभाई... पहिल्या जेठची ना?"

"अरे बेन!" रायजीभाई हसले. "पहेलो तो पुरुषोत्तम महिनो. एने जेठ थोडो कहेवाय? जेठ एटले जेठ!"

फोन बंद झाला. पाऊस चालू होता.

अधिक महिन्याला इकडे कुणी जेठ म्हणतच नाही. तो देवाचा महिना, पुरुषोत्तम. जेठ म्हटला की त्याच्या नंतरचा, खरा. आणि मी, बडोद्यात जन्मलेली, कॅलेंडरात पहिला ज्येष्ठ दिसला की तिथेच थांबत होते. नऊच्या नऊ तारखा एक महिना आधीच्या. पाड्या अशक्त नव्हत्याच. त्या फक्त लहान होत्या.

मग मला दुसरं आठवलं. अधिक महिना दर तीन वर्षांनी येतो.

मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. हात ओले होते, पानं चिकटत होती. तीन वर्षांपूर्वी... अधिक श्रावण. अकरा वासरं. श्रावण सुद त्रीज, श्रावण सुद सातम, श्रावण सुद दसम... आणि पुढे माझ्या अक्षरात जुलैच्या तारखा. वासरं ऑगस्टची होती.

आणि सुभानराव सर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेका वासराच्या अंगावरून हात फिरवला होता. "मैत्रेयी, लहान वाटतात गं ही." मी म्हटलं होतं, "सर, रजिस्टर बघा." त्यांनी पुन्हा म्हटलं होतं, "पण अंगावरून..." आणि मी पुन्हा रजिस्टर पुढे केलं होतं. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला. हे सगळं मी विसरले नव्हते. फक्त चार पानांत लिहिलं नव्हतं.

"बूस्टरची फेरी त्या वर्षी आलीच नाही," शुभंकर म्हणाला. तो माझ्या मागे उभा होता. "ती आमच्या खात्याची चूक. पहिला डोस वाया गेला तो ह्या रजिस्टरमुळे. दोन चुका होत्या. शेरा मात्र एकाच माणसाला मिळाला."

मी वळले. "तुम्हाला माहीत होतं."

त्याने रजिस्टर मिटून कपाटावर ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं!"

"माहीत नव्हतं. संशय होता. सर अजून म्हणतात... वासरं लहान होती, पण कागद मोठा होता, शुभंकर. त्यांनीच मला हात धरून शिकवलं. ते ऑफिसातून हाराशिवाय बाहेर पडले, तेव्हा त्यांची पिशवी मी धरली होती." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "करजणची बदली मी मागून घेतली. ते जुनं रजिस्टर एकदा बघायचं होतं. तुम्हाला खोटं पाडायचं होतं. रागाचा मक्ता काय तुमच्याच घराकडे आहे?"

"मग पहिल्याच दिवशी मागायचं रजिस्टर!" मी ओरडले. "हे आमचे गुरुवार... ही फीत, हे भुसावळ... हे सगळं त्यासाठी?"

"मागणार होतो!"

"मग का नाही मागितलं?"

"कारण बघितलं असतं की येणं संपलं असतं, मैत्रेयी!"

बेन नव्हतं. पहिल्यांदा बेन नव्हतं. आम्ही दोघं पावसाहून मोठ्याने बोलत होतो आणि रमीलाबेन वैरणीच्या पलीकडे पाठ करून उभी होती... ऐकत.

"नीकळो," मी म्हणाले. "अत्यारे ने अत्यारे नीकळो अहींथी!"

तो भिजत जीपकडे गेला. जाताना टबात पाय बुडवायला विसरला नाही. त्याचाही मला राग आला.

बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या घरी त्या संध्याकाळी मी जेवले नाही. बापूंनी दोनदा विचारलं, मग जवळ येऊन बसले. मी सगळं सांगितलं. बापूंनी चष्मा काढून पुसला.

"आपल्या घराण्यात तीन पिढ्या माणसांनी कागद लिहिले," ते म्हणाले. "दाखले, अहवाल, हुकूम. सगळे व्यवस्थित अक्षरात. पण 'चूक माझी' असा एकही कागद मी पाहिलेला नाही."

"मी लिहू?"

"पेन देतो. आणि खाली पूर्ण नाव घाल. मैत्रेयी दामोदर दिघे. पहिल्या पत्रावर माझंही नाव होतं, ह्यावरही राहू दे."

पुन्हा चार पानं झाली. एक पत्र खात्याला, सरांवरचा आरोप मागे घेण्यासाठी, दोन्ही रजिस्टरांच्या पानांच्या प्रती जोडून. तेच सगळं सुभानराव सरांना. आणि मग फोन... अकरा वासरांच्या मालकांना, एकेकाला. "चूक मारी हती," हे वाक्य गुजरातीत रागाशिवाय म्हणायला मी त्या दोन दिवसांत शिकले. तिघांनी शिव्या घातल्या. त्यातल्या दोघांचं पिल्लू आताही माझ्याकडे होतं. मी म्हटलं, हवं तर आजच घेऊन जा. एकाने नेलं, लस झालेल्या सतरांतलं. दुसऱ्याने ठेवलं, पण यापुढे आम्हाला विचारत जा म्हणून बजावलं, "हवे पंचांग अमने पूछीने जोजो, बेन."

शुभंकरला मात्र मी काही लिहिलं नाही. काय लिहिणार? नऊ पाड्यांच्या कार्डावर नवी तारीख लिहिली तेवढी. आसो, म्हणजे आश्विन, सुद पाचम. चार महिने पुरे. नेमका तिसरा गुरुवार, नवरात्रातला.

त्या सकाळी मी फाटकात टब भरला. सोडा दोन वेळा टाकला बहुतेक. शेजारच्या गावातून गरब्यासाठी चाललेली ढोलाची तालीम ऐकू येत होती. नर्मदेपलीकडचा खरवा पलीकडेच थांबला होता, नऊच्या नऊ पाड्या उभ्या होत्या, लवंगीची शिंगं बोटाला लागायला लागली होती... आणि मला एकाच गोष्टीची धास्ती होती, की जीपमधून दुसराच कुणी डॉक्टर उतरेल.

जीप आली. आधी उतरली काठी. मग चष्मा. मग सुभानराव सर.

सरांनी टबात चपला बुडवल्या, माझ्यासमोरून गेले, आणि थेट लवंगीपाशी जाऊन तिच्या अंगावरून हात फिरवला. मानेपासून शेपटीपर्यंत, सावकाश.

"झाली चार महिन्यांची," ते म्हणाले. रजिस्टर मागितलंच नाही. मग माझ्याकडे वळले. "तुझं पत्र आलं. एवढं मोठं कशाला गं लिहिलंस?"

"पहिलंही चारच पानी होतं, सर."

"हं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मलाही त्या दिवशी अजून एकदा म्हणता आलं असतं... लहान आहेत म्हणून. मी दोनदाच म्हटलं." त्यांनी लवंगीच्या पाठीवर एक थाप मारली. "चल, बापूंना सांग, चहा ठेवा म्हणावं."

"बापू समाला आहेत, सर. चहा रमीलाबेन देते."

"मग रमीलाबेनला सांग. आणि तू हिची मान धर. ह्याला एकट्याला जमणार नाही."

'हा' पेटीपाशी उभा होता. सुई भरत होता, आणि माझ्याकडे बघत नव्हता. मी लवंगीची मान धरली. दोनदा थाप... आणि तिसरी. तिला कळलंही नाही. दुसरी, तिसरी, आठवी. आमची डोकी जवळ येत होती, लांब जात होती. नववीच्या वेळी त्याचा हात माझ्या हातावर टेकला, तो कामापुरताच... पण काम झाल्यावरही तिथेच होता.

"रागावला आहात?" त्याने विचारलं.

"हो."

"अजून?"

"हो म्हटलं ना."

"माझ्यावर?"

मी पाडीच्या मानेवरचे केस उगाच उलटे-सुलटे करत राहिले. "तुम्ही सरांसाठी आलात ते बरोबरच होतं. मी तुमच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी फाटक मोडून आले असते."

"मग राग कसला?"

तो कार्डावर लिहायला लागला होता. आजची तारीख. आणि त्याखाली पुढची, बूस्टरची, बरोबर एका महिन्यानंतरची. कार्तिक सुद पाचम, दिवाळी उलटून गेल्यावरची. त्याने ती मला दाखवली. "तिथीनेही तपासून घ्या. मधे अधिक महिना नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "त्याचाच राग आहे."

"म्हणजे?"

"अधिक नसतानाही एवढा मोठा कसा असतो महिना?"

त्याचं पेन थांबलं. लवंगीने कार्डाचा कोपरा तोंडात घातला, आणि त्याने तो सोडवलाही नाही.

"मैत्रेयी," तो म्हणाला, आणि डोळ्यांत हसू मावेना त्याच्या. "तुम्ही मराठीत रागावताय."

बैठकीच्या बाजूने सुभानरावांचा आवाज आला, चहा निवतोय म्हणून. मी कार्ड त्याच्या हातातून घेतलं, लवंगीच्या तोंडातून उरलेला कोपरा घेतला, आणि फाटकातल्या टबाकडे बोट दाखवलं.

"हा टब मी महिनाभर भरून ठेवणार आहे," मी म्हणाले. "रोज. मधेही येत जा... तू."